चित्र थिजतं, आवाज का टिकतो?

सांगली जिल्ह्यातल्या पलूसची महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. २०२० च्या टाळेबंदीत तिथले तास मोबाइलवर आले आणि रेंज कमी झाली की सरांचा चेहरा थिजायचा, आवाज मात्र चालू. बोलण्याला सेकंदाला ३०-४० किलोबिट पुरतात, स्पष्ट चित्राला हजारभर तरी लागतात. म्हणून सॉफ्टवेअर आधी आवाज वाचवतं. चित्रही ते दरवेळी अख्खं पाठवत नाही, मागच्या फ्रेमपेक्षा बदललं तेवढंच. द्राक्षबागेत बसून कॅमेरा लावला, तर वाऱ्यावर हलणारं प्रत्येक पान डेटा खातं. (बाग दिसते झकास, हे मान्य!) कोरी भिंत स्वस्तात जाते. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागला, की दोघं एकदम बोलतात आणि सुरू होतं, ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला.’