डांबरगोळी, आयोडीन आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज

एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळपास ११ किलो हवा लागते. म्हणजे सुमारे ९००० लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या रिकाम्या करून ओळीनं मांडा, त्यांत मावेल तेवढी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. प्रत्येक वेळची आग सेकंदाच्या दोन-तीन हजारांश भागात पेटते आणि संपते. आपल्या मांडीखाली हे चाललेलं असतं आणि आपण समोरच्या बसची पाटी वाचत असतो!

या आगीला आणखी चेतवण्यासाठी लोक टाकीत काय काय टाकत आले आहेत. कपाटातल्या डांबरगोळ्या, नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन, रॉकेल, कुणाच्या तरी मामांनी सांगितलेलं मिश्रण. सगळ्यांमागचं म्हणणं एकच : पेट्रोल अर्धवट जळतं, ते पूर्ण जाळलं की अ‍ॅव्हरेज वाढेल. ऐकायला पटतं. पण धडधाकट इंजिनात आत आलेल्या पेट्रोलपैकी ९७ टक्क्यांहून अधिक पेट्रोल जळूनच जातं. दहा-वीस टक्के न जळता बाहेर पडत असतं, तर ते सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटलं असतं आणि कन्व्हर्टर तापून वितळला असता.

मग पैसे जातात कुठे? उष्णतेत. बरीचशी ऊर्जा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. शहराच्या गर्दीत तर चाकांपर्यंत पाव हिस्सासुद्धा पोचत नाही. टाकीत ओतलेली कुठलीही गोष्ट ही उष्णता परत आणून देत नाही.

अ‍ॅसिटोनचा हिशेब तर कागदावरच करता येतो. सांगणारे दहा लिटरला साधारण २० मिलिलिटर टाका म्हणतात. दहा लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० मेगाज्यूल ऊर्जा असते, त्या २० मिलिलिटरमध्ये अर्ध्या मेगाज्यूलहूनही कमी. आणि दावा असतो पंधरा-वीस टक्के जास्त अ‍ॅव्हरेजचा. शिवाय अ‍ॅसिटोन रबराला फुगवतं. इंधनाच्या वाटेवरचे सील आणि ओ-रिंग त्याच्यापुढे टिकत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त साधनं आणि द्रव्यं तपासली. थोडाफार फरक पडला तो मोजक्यांनीच, आणि तोही किरकोळ.

डांबरगोळीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात एक खरा धागा आहे. जुनी फियाट भरल्या गाडीनिशी घाट चढू लागली, गिअर वरचाच राहिला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की बॉनेटखालून टकटक ऐकू यायची. मेकॅनिक म्हणायचा, गाडी नॉकिंग करते. आत घडत असायचं ते असं : ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आतच तिथलं दाबलं गेलेलं मिश्रण आपोआप पेट घेई. त्या धक्क्याचा तो आवाज. असं आपोआप पेटायला पेट्रोल जितका विरोध करतं, तितका त्याचा ऑक्टेन अंक मोठा. जुन्या हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये नॅफ्थलिनच्या गोळ्या विरघळवल्या की तो अंक थोडा वर सरके आणि टकटक कमी होई. रॉकेल नेमकं उलट करतं, ऑक्टेन खाली आणतं.

हाच प्रश्न १९१६ मध्ये अमेरिकेत डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आणि त्यांचे तरुण सहकारी थॉमस मिजली यांच्यापुढे होता. वसंताच्या सुरुवातीला बर्फाखालीच फुलणारं एक रोपटं त्यांना ठाऊक होतं. त्याची पानं मागून लाल असतात. लाल रंग उष्णता शोषत असेल, तर लाल केलेलं इंधनही वेळेवर वाफ होईल, असा त्यांचा अंदाज. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलींनी आयोडीन टाकलं, आणि टकटक थांबली! मग त्यांनी खरेखुरे लाल रंग आणून बघितले, काहीही झालं नाही. रंग नसलेलं आयोडीनचं संयुग टाकलं, तर टकटक पुन्हा थांबली. अंदाज साफ चुकीचा आणि प्रयोग यशस्वी. रंगाचा संबंधच नव्हता. चिमूटभर रसायन आगीची चाल बदलू शकतं, हे त्या दिवशी कळलं.

आयोडीन महाग आणि धातू खाणारं. पुढची काही वर्षं मिजली एकेक मूलद्रव्य चाचपत राहिले. टेल्युरियमनं काम केलं, पण त्याचा लसणीसारखा वास कपड्यांतून जाईना. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडलं. हजार भाग पेट्रोलला त्याचा एक भागही लागत नव्हता. त्याची किंमत जगानं मोजली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेनं पाच कामगार दगावले, आणि पुढे कित्येक दशकं शिसं धुरातून मुलांच्या रक्तात जात राहिलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये थांबला.

पण या शोधानं अ‍ॅव्हरेज वाढलं का? वाढलं, आणि कसं वाढलं त्यातच डांबरगोळीचं उत्तर आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत मिश्रण सुमारे चारपट दाबलं जाई. आजच्या मोटारींत दहापट किंवा त्याहून जास्त. कागदावरच्या आदर्श हिशेबात चारपट दाबाला जेमतेम ४३ टक्के ऊर्जा कामी येते, दहापटीला ६०. प्रत्यक्षात आकडे बरेच खाली असतात, पण दाब वाढला की काम वाढतं हे पक्कं. चांगल्या ऑक्टेनमुळे कारखान्यांना असं जास्त दाबणारं इंजिन बनवता आलं. टाकीतल्या थेंबानं स्वतः काही दिलं नाही, त्यानं नव्या इंजिनाला वाट करून दिली. जुन्या इंजिनात तोच थेंब टाकला तर टकटक थांबते, अ‍ॅव्हरेज जवळपास तिथंच राहतं.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हे काम इथेनॉल करतं. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत बनणारं इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. त्याचा ऑक्टेन १०० च्या वर, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. जुन्या गाडीवाल्यांची ‘अ‍ॅव्हरेज उतरलं’ ही तक्रार म्हणूनच खोटी नाही, आणि इथेनॉलसाठीच बांधलेल्या जास्त दाबाच्या इंजिनात त्यातलं बरंच भरून निघू शकतं. एक मात्र बघण्यासारखं आहे. असं पेट्रोल काचेच्या बाटलीत असताना त्यात पुरेसं पाणी गेलं, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं आणि तळाशी वेगळा थर बसतो. घरचं पाणीमिश्रित अल्कोहोल टाकीत ओतणारा स्वतःच्या हातानं हाच थर करत असतो, आणि इंधन टाकीच्या तळातूनच उचललं जातं.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर उरलेला ऑक्सिजन सतत मोजतो आणि इंजेक्टर त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. तिथं डांबरगोळी टाकायला जागाच नाही. जुन्या कार्बोरेटरमध्येसुद्धा पेट्रोल उडून गेलं की नॅफ्थलिनचे पांढरे स्फटिक जेटच्या बारीक भोकात मागे राहतात. बाजारातल्या कित्येक गोळ्या तर आता नॅफ्थलिनच्या नसतातच. त्यांत क्लोरीनचं संयुग असतं, आणि ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं.

तरीही ‘मला फरक जाणवला’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. नवं काही टाकलं की माणूस अ‍ॅव्हरेजकडे लक्ष ठेवून हळू चालवतो, आणि हळू चालवल्यानं खरंच वाचतं, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. तेव्हा टाकीत काही टाकू नका. सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी तो आकडा कारच्या दाराच्या चौकटीवर किंवा दुचाकीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो.