वारंवार बंद पडणारा ब्राउझर

घरच्या संगणकावरील ब्राउझर वरचेवर बंद पडूं लागला, म्हणजे तो काढून पुन्हां बसविण्याकडे पुष्कळांची प्रवृत्ति असते. परंतु एवढ्यानें दोष जातोच असें नाहीं. २००४ सालीं ज्याची १.० ही आवृत्ति निघाली, तो फायरफॉक्सच घ्या. मूळ प्रोग्रॅम एका ठिकाणीं, तर आपले बुकमार्क व पासवर्ड दुसऱ्या ठिकाणीं, ‘प्रोफाइल’ नांवाच्या कप्प्यांत असतात. दोष या कप्प्यांत असल्यास नव्या प्रतींतही तो उरतो. आणि त्राग्यानें कप्पाच पुसला, तर कित्येक वर्षांचा संग्रह नाहींसा होतो.

म्हणून परीक्षेवांचून औषध देऊं नये, असें आम्हांस वाटतें. प्रथम ब्राउझर अद्ययावत् करावा. दोष न गेल्यास, विंडोजवर शिफ्ट कळ दाबून धरून फायरफॉक्स उघडावा. म्हणजे ‘ट्रबलशूट मोड’ सुरू करावयाचा काय, असें तो विचारतो. त्यांत एक्स्टेन्शनें, थीम व हार्डवेअर ॲक्सलरेशन हीं तात्पुरतीं बंद राहतात. तेथें तो सुरळीत चालला, तर दोष बहुधा यांपैकींच कशांत तरी आहे. मग नेहमींप्रमाणें उघडून एकेक एक्स्टेन्शन बंद करून पाहावें. दोन बदल एकदम केल्यास गुण कशानें आला, हें कळत नाहीं. तेथेंही तो बंद पडला, तर नवें प्रोफाइल करून पाहावें, जुनें मात्र जागींच ठेवावें. इतर प्रोग्रॅमही बंद पडत असतील, तर रॅम तपासून घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं हें शिकण्यापेक्षां आजच शिकणें बरें.