एका झग्याची गोष्ट



दिदरो हे अठराव्या शतकातील थोर फ्रेंच विचारवंत. १७६९ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या झग्यावर एक लेख लिहिला. त्यांच्याकडे घरात घालायचा नवा, भारी लाल झगा आला. त्या झग्यापुढे खोलीतील साधी खुर्ची जुनाट दिसू लागली. ती जाऊन चामड्याची आली. मग टेबल बदलले, भिंतीवरची चित्रे बदलली. जुन्या झग्याला लेखणीची शाई खुशाल पुसता येई. नव्याला मात्र जपत बसावे लागे. एका खरेदीतून दुसरी निघते, या प्रकाराला पुढे ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकांनी ‘दिदरो परिणाम’ असे नाव दिले.

आपल्या घरीही हेच घडते. नवे दप्तर आले की जुनी बाटली शोभत नाही. मोबाईल आला की कव्हर, इयरफोन आणि घड्याळ हवेसे वाटते. जुनी वस्तू काही बिघडलेली नसते, फक्त नव्याशेजारी ती फिकी पडते. आईवडिलांच्या पगारातून हप्ते मात्र दरमहा जातात आणि सहलीची किंवा शिकवणीची वेळ आली की हात आखडावा लागतो.

म्हणून खरेदीपूर्वी एकच प्रश्न विचारावा : जुनी वस्तू निकामी झाली आहे, की नुसती जुनी दिसते आहे?

नवे सत्र जवळ आले आहे. चांगल्या स्थितीतील पुस्तके धाकट्या वर्गाला द्या. जुने पुस्तक वापरण्यात कमीपणा नाही. त्यातला धडा तोच असतो.