पत्ता शाबूत असतो

कर्जतजवळचं वेणगाव हे नानासाहेब पेशव्यांचं जन्मगाव. याच वेणगावात २००६ पासून एक विलक्षण गोष्ट घडते आहे. स्वतःचं नावही सांगू न शकणारी माणसं इथे येतात आणि उपचारानंतर आपलं गाव, आपली माणसं सांगू लागतात.

ही ‘श्रद्धा’ संस्थेच्या इथल्या पुनर्वसन केंद्राची किमया. डॉ. स्मिता आणि डॉ. भरत वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ पतिपत्नींनी १९८८ साली ही संस्था स्थापन केली. त्याआधी त्यांना मुंबईच्या रस्त्यावर एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना दिसला होता. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात नेलं, बरं केलं आणि कळलं, की तो आंध्र प्रदेशातला विज्ञानाचा पदवीधर आहे!

हे घडतं कसं? रस्त्यावर भटकणाऱ्या अशा अनेकांना स्किझोफ्रेनिया असतो. जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येतात, घरचेच जिवावर उठलेत अशी खात्री वाटते. त्या भीतीपोटी माणूस मिळेल त्या गाडीत बसतो आणि भाषाही न कळणाऱ्या मुलखात उतरतो. या आजारात मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं तंत्र बिघडतं. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण दिसला आणि भास, संशय औषधाने ओसरू शकतात हे जगाला कळलं. थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. घर, आई, शाळा यांच्या आठवणी बहुतेकदा पुसल्या गेलेल्याच नसतात. आवाजांचा गलका थांबला, की त्या बोलू लागतात.

मग कार्यकर्ते तालुका, नदी, देऊळ, जवळचं स्टेशन असे धागे जुळवत घर शोधतात. घरच्यांनी आशा सोडलेला माणूस दारात उभा राहतो. औषध मात्र पुढेही चालू ठेवावं लागतं. म्हणून कुटुंबाला आजार समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग असतो.

या कामासाठी २०१८ साली डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पहिल्या रुग्णापासून डॉ. स्मिता त्यात बरोबरीच्या आहेत, हे विसरता कामा नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या अशा मनोरुग्ण व्यक्तीला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं, ही पोलिसांची जबाबदारी आहे. कर्जत किंवा खोपोली स्टेशनवर असं कुणी दिसलं, तर नजर वळवू नका, पोलिसांना कळवा.