कॅमेरा कोणतं उत्तर देतो?

लेखमाला : छायाचित्राची घडण
भाग सहावा

गेल्या भागात आपण शटरचा वेग, ॲपर्चर आणि आयएसओ यांचा मेळ कसा बसतो ते पाहिलं. ते कळल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतोच. हे तिन्ही आकडे आजचा कॅमेरा स्वतः ठरवतो, फोकस स्वतः धरतो, हाताची थरथर सावरतो, सेकंदाला वीस-तीस फोटो घेतो. मग फोटो खरंच चांगले होतात का?

माझं म्हणणं असं आहे. ज्या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकच असतं, तो कॅमेऱ्यावर खुशाल सोपवावा. तिथे फोटो नक्की सुधारतो. ज्या प्रश्नाची अनेक उत्तरं बरोबर असू शकतात, तिथे मात्र कॅमेरा जे देतो ते फक्त एक मत असतं. ते न तपासता स्वीकारलं, की चित्रातला आपला वाटा तेवढा कमी होतो.

एकच उत्तर असलेले प्रश्न

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या होड्या दिसतात. पाण्यावरून वेगाने जाणारा नदी सुरय टिपायचा असेल, तर होडी हलत असते, पक्षी वळत असतो आणि लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा कधी कधी जेमतेम वीतभर असतो. पक्ष्याचा डोळा स्पष्ट हवा, याबद्दल सहसा दुमत होत नाही. हे एकाच उत्तराचं काम आहे आणि ऑटोफोकसने ते खरोखर सोपं केलं.

हे एका दिवसात झालं नाही. 1977 मध्ये कोनिकाचा सी35 एएफ हा ऑटोफोकसचा छोटा कॅमेरा बाजारात आला. 1985 मध्ये मिनोल्टा 7000 ने ऑटोफोकसची यंत्रणा आणि मोटर एसएलआर कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली. या यंत्रणेचं तत्त्व सुंदर आहे. लेन्सच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रकाशकिरणांच्या दोन प्रतिमा घ्यायच्या आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं. ते अंतर ठरलेल्या मापाहून कमी आहे की जास्त, यावरून फोकस पुढे चुकलाय की मागे आणि किती, हे लगेच कळतं. त्यामुळे लेन्स चाचपडत न बसता थेट त्या जागी जाते. आता त्यावर आणखी एक थर चढला आहे. 2020 मध्ये आलेल्या कॅननच्या ईओएस आर5 सारख्या कॅमेऱ्यांची प्रणाली ढीगभर छायाचित्रांवरून डोळा ओळखायला शिकलेली असते. माणसाचा, कुत्र्या-मांजराचा, पक्ष्याचाही.

मात्र सोय चित्राला वळणही लावते. मिनोल्टा 7000 मध्ये फोकसची जागा एकच होती, चौकटीच्या मधोमध. फोकस धरून ठेवून चौकट हलवण्याची सवय ज्याने लावून घेतली नाही, त्याचे सगळे विषय मधोमध येऊन बसले. आज फोकसच्या जागा जवळजवळ पूर्ण चौकटभर पसरलेल्या असतात. पक्षी उजव्या कडेला ठेवून त्याच्यापुढे उडायला मोकळी जागा सोडता येते आणि डोळाही स्पष्ट राहतो. जुन्या सोयीने घातलेली मर्यादा नव्या सोयीने काढली आणि चौकट पुन्हा छायाचित्रकाराच्या हाती आली. नव्या तंत्राचं मोल मी इथे मोजतो.

क्षण पकडण्याचंही तसंच. खंड्या फांदीवरून सूर मारतो, ते डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी निघून जातो. ही शरीराची मर्यादा आहे, कितीही सरावाने ती पूर्ण जात नाही. 2016 च्या ऑलिंपस ई-एम1 मार्क टू मध्ये बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फ्रेम तात्पुरत्या साठवत राहतो आणि बटण पूर्ण दाबताच त्याआधीच्या चौदा फ्रेमही जपून ठेवतो. म्हणजे झेप घेण्याचा तो क्षण हातून जात नाही. 2023 मध्ये जाहीर झालेला सोनीचा ए9 थ्री तर सेकंदाला 120 फोटो घेतो.

थरथर सावरणारी यंत्रणाही उपयोगी आहे, पण तिचं काम नेमकं समजून घ्यायला हवं. ती आपल्या हाताची हालचाल सावरते, समोरच्याची नाही. मंद उजेडात शटर मंद ठेवून देवळाचा गाभारा स्वच्छ येईल. आरती ओवाळणारा हात मात्र पुसटच येईल. तो थांबवायला वेगवान शटरच लागतं.

अनेक उत्तरं असलेले प्रश्न

आता पुन्हा भिगवणला येऊ. सकाळच्या सावलीतल्या काळ्याशार पाण्यात एक पांढराशुभ्र बगळा उभा आहे. बटण दाबलं, डोळ्यावर फोकस अचूक बसला, आणि फोटोत बगळ्याच्या जागी पांढरा डाग आला. पिसांचे पदर नाहीसे झाले.

याचं कारण प्रकाशमापनात आहे. पूर्वापार प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. चौकटीचा बहुतेक भाग काळं पाणी असेल, तर तो सगळंच उजळवतो आणि बगळा जळून जातो. उलट पांढऱ्या वेशातल्या वारकऱ्यांनी चौकट भरून गेली, तर तो सगळंच मळकट करतो. 1983 मध्ये निकॉन एफएने चौकटीचे पाच भाग करून प्रत्येकातला प्रकाश वेगळा मोजायला सुरुवात केली. आजचे कॅमेरे त्याहून कितीतरी बारकाईने मोजतात आणि चेहराही ओळखतात. अंदाज सुधारला, तरी तो अंदाजच आहे. पाण्याचा काळोख मला हवा आहे की नको, हे कॅमेऱ्याला कसं कळणार? बगळ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्यायचं, वारकऱ्यांसाठी अधिक एकवर. एक चाकती फिरवायची असते, पण ती फिरवण्याआधी काय हवं ते ठरलेलं असावं लागतं.

या ठरवण्याचं मोल ॲन्सेल ॲडम्सच्या एका फोटोत दिसतं. 1 नोव्हेंबर 1941 च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात हर्नांडेझ या गावाजवळून जाताना त्याला गावावर चढलेला चंद्र आणि दफनभूमीतल्या क्रॉसवर पडलेलं मावळतीचं ऊन दिसलं. गाडी थांबवून त्याने मोठा कॅमेरा लावला, पण प्रकाशमापक काही सापडेना. चंद्राची प्रकाशमानता त्याला पाठ होती. त्यावरून त्याने हिशेब केला आणि एफ/32 वर एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. दुसरा फोटो घेण्याआधी क्रॉसवरचं ऊन गेलं. चंद्राचे तपशील टिकवायचे आणि खालचा भाग अंधाराकडे झुकू द्यायचा, ही त्याची निवड होती. खालचा भाग निगेटिव्हमध्ये फिका आला, त्यासाठी डार्करूममध्ये त्याला पुढे बरेच कष्ट पडले. मापक हाताशी असता तर आकडे चटकन मिळाले असते. चंद्र महत्त्वाचा हे मात्र मापकाने सांगितलं नसतं.

आजचा सर्वांत मोठा निर्णय आपल्या खिशातला फोन घेतो. गूगलने 2018 मध्ये पिक्सेल फोनसाठी नाइट साइट आणलं. अनेक फ्रेम घेऊन, त्या एकमेकींवर जुळवून, त्यांतला दाणेदारपणा कमी करून एक उजळ फोटो तयार होतो. अंधारात माणसांचे चेहरे दिसावेत म्हणून ही मोठीच मदत आहे. पण दिवाळीत अंगणातल्या पणत्यांचा फोटो काढा. फोन अंगण, भिंत, आकाश सगळं उजळून टाकतो. पणतीचा उजेड दिसतो तो भोवतालच्या अंधारामुळे. अंधार गेला की पणतीही फिकी पडते. इथे फोन बिघडलेला नसतो, त्याने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. पडद्यावर पणतीच्या ज्योतीला बोट लावा, उजेडाची पट्टी खाली ओढा, नाइट मोड बंद करा. अंगण पुन्हा रात्रीचं होईल.

जिथे बटणच नाही

काही प्रश्नांना कॅमेऱ्यात बटणच नाही. होडी कुठे उभी करायची, ऊन पाठीशी घ्यायचं की समोर, पक्ष्यामागे विजेचा खांब येतोय का, हे आपणच पाहायचं. कुंभारगावच्या नावाड्यांना कोणता पक्षी कुठे बसतो हे ठाऊक असतं. त्यांचं ऐकलं तर कुठल्याही नव्या फीचरपेक्षा अधिक मिळतं. आणि एक कळकळीची विनंती : सेकंदाला वीस फोटो मिळतात म्हणून बसलेला रोहितांचा थवा मुद्दाम उडवू नका. त्यांची खाण्याची वेळ आपल्या फोटोपेक्षा मोलाची आहे.

या आठवड्याचा सराव : संध्याकाळी दिवा लावलेली एक खोली निवडा. पहिला फोटो पूर्ण ऑटोवर काढा. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक आणि उणे दोनवर ठेवून तोच फोटो पुन्हा काढा. फोनवर उजेडाची पट्टी दोन टप्प्यांत खाली न्या. तिन्ही शेजारी ठेवा आणि त्या खोलीत तुम्हाला जे जाणवलं ते कोणत्या फोटोत आहे ते लिहून ठेवा. बहुतेकांचं उत्तर वेगवेगळं येईल, आणि यायलाच हवं.

पुढील भागात : पार्श्वभूमी निवडायची कशी?