नांगीतलं बूच

आसनगावला लोकलमधून उतरून शहापूर-मुरबाडच्या आतल्या गावांत गेलं की घरामागे सरपणाची रास, पेंढ्याची उडवी आणि मध्येच एखादी वीटभट्टी दिसते. विंचवाला हवी ती सांदी, ऊब आणि काळोख इथे आयतेच मिळतात. काळी इंगळी दिसायला दांडगी असते, पण जिवावर बेततो तो बोटाएवढा तांबडा विंचू.

डसल्या जागी आग होऊन माणूस नुसता ओरडत असेल, तर अनुभवी डॉक्टर बऱ्याचदा तितके घाबरत नाहीत. दुखणं बेताचंच, पण दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गारठलेले, असा रुग्ण आला की मात्र त्यांची धावपळ सुरू होते. (हा निवाडा अर्थातच घरी बसून करायचा नसतो. विंचू उतरवणाऱ्याकडे गेलेला एक तासही महागात पडू शकतो.)

हे गारठणं मज्जातंतूंमधून येतं. प्रत्येक चेतापेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं आणि बाहेर सोडियम. संदेश निघतो तेव्हा सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि विजेची एक ठिणगी पुढे सरकते. ती विझवण्याचं काम पोटॅशियम चॅनेलचं. ही दारं उघडली की पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा शांत होते. सारा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो. तांबड्या विंचवाचं विष या यंत्रणेवर दुहेरी घाव घालतं. त्यातले काही घटक सोडियमची दारं मिटू देत नाहीत, तर काही पोटॅशियमची दारं बुजवतात. ठिणगी विझतच नाही. मग मज्जातंतू अॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं ओतत सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं.

कोकणात या मृत्यूंचं कोडं सोडवायला बसले ते डॉ. हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गंभीर रुग्णांपैकी तीसेक टक्के दगावत, ते प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. २०२२ साली डॉ. हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. त्या विषात नेमकं काय आहे याचा छडा अजून लागायचा होता, पण माणसं आधी वाचू लागली.

तो छडा लागत होता दूर अमेरिकेत. १९९० मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी याच तांबड्या विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन. ‘बीके’ नावाच्या मोठ्या पोटॅशियम चॅनेलच्या तोंडावर ते बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसतं आणि बाकीच्या चॅनेलच्या सहसा वाटेला जात नाही. मेंदूत कोणतं काम बीकेचं आणि कोणतं दुसऱ्याचं, हे ओळखायला प्रयोगशाळांना नेमकं असंच बूच हवं होतं. आपल्याकडे ज्याला चपलेने ठेचतात, त्याचं विष मायक्रोग्रॅमच्या मापाने विकत घेतलं जाऊ लागलं.

दुसऱ्या एका विंचवाच्या विषाचा आधार घेत रॉडरिक मॅकिनन यांनी १९९१ साली दाखवलं की पोटॅशियम चॅनेल चार तुकड्यांचं बनलेलं असतं. १९९८ मध्ये त्यांनी एका जिवाणूतल्या चॅनेलची रचनाच उलगडली आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोडियम आकाराने लहान असूनही पोटॅशियमच्या दारातून का जात नाही, हे कोडं त्यातून सुटलं. अरुंद वाटेत ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाने बसवलेले असतात. सोडियम तिथे बारक्या पायाला मोठी चप्पल घातल्यासारखं सैल पडतं, म्हणून सोबतचं पाणी सोडून आत शिरणं त्याला परवडत नाही.

माणसात या चॅनेलची ऐंशीच्या आसपास जनुकं आहेत. त्यांतलं केसीएनक्यू-२ किंवा केसीएनक्यू-३ बिघडलं की काही घराण्यांत बाळाला जन्मानंतर दोन-तीन दिवसांत आकडी येऊ लागते. बहुतेक बाळांची ती काही महिन्यांत आपोआप थांबते. आजीबाई ‘ह्याच्या बापालाही येत होत्या’ म्हणतात, त्यात तथ्य असू शकतं! १९९८ मध्ये या जनुकांचा शोध लागला. पण केसीएनक्यू-२ मधलेच दुसरे काही बदल बाळाची वाढच खुंटवतात.

ब्रेक निकामी झाला की गाडी सुसाट सुटणार, हे समजण्यासारखं आहे. २००५ साली मात्र उलटंच समोर आलं. एका कुटुंबात बीके चॅनेल वाजवीपेक्षा जास्त उघडत होतं आणि तरीही लोकांना फिट्स येत होत्या. संशोधकांचा कयास असा की ठिणगी फार चटकन विझल्याने पेशी पुढच्या ठिणगीसाठी लगेच मोकळी होत असावी. ‘पोटॅशियम मेंदूला चांगलं, म्हणून केळी खा’ हा सल्ला इथे लंगडा पडतो. बिघाड दारात असतो, आत किती माल भरला याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

औषधांचा प्रवासही सरळ नाही. केसीएनक्यू चॅनेल उघडणारं रेटिगाबिन हे फिट्सवरचं औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण काही रुग्णांची त्वचा आणि ओठ निळसर होऊ लागले, आणि २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं. २०१० साली तिथे मंजुरी मिळालेलं डालफॅम्प्रिडिन नेमकं उलट काम करतं. ते विंचवाच्या विषासारखंच पोटॅशियमची दारं अडवतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजून संदेश वाटेतच विरतो. दारं थोडी अडवली की तो पुढपर्यंत टिकतो आणि काही रुग्णांची चाल सुधारते. गोळी दहा मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा, मध्ये बारा तास सोडून. डोस वाढला की फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून ज्यांना पूर्वी कधी फिट आली आहे त्यांना ती देत नाहीत.