रुईचा उतारा आणि कारखान्याची कार्यक्षमता

वाशिम जिल्ह्यातील कारखानदारी मुख्यतः शेतमालावर उभी आहे; कारंजा, मानोरा आणि मंगरुळपीर या कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग आणि तूर-हरभरा भरडणाऱ्या डाळ मिल हे तिचे ठळक रूप होय. यांपैकी कोणता कारखाना अधिक चांगला चालतो, हे ठरवण्यासाठी अर्थशास्त्र दोन संज्ञा वापरते. लावलेल्या साधनांच्या मानाने निघालेले उत्पादन ही उत्पादकता, तर त्याच साधनांतून जास्तीत जास्त जेवढे निघू शकले असते, त्याच्या मानाने प्रत्यक्ष निघालेले उत्पादन ही कार्यक्षमता.

सर्वांत सोपे माप म्हणजे दर मजुरामागे निघालेल्या गाठी. परंतु एका जिनिंगमध्ये कापूस हवेच्या नळीतून थेट यंत्रापर्यंत खेचला जात असेल आणि दुसऱ्यात तो मजूर टोपल्यांनी वाहून नेत असतील, तर पहिल्याचा आकडा मोठा दिसणारच; त्यामागे गुंतलेले भांडवल आणि जळलेली वीज त्या आकड्यात कोठेच येत नाही. म्हणून श्रम, भांडवल, वीज आणि कच्चा माल या सर्वांची एकत्र सांगड घालणारी समग्र घटक उत्पादकता मोजली जाते. रॉबर्ट सोलो यांच्या १९५७ च्या लेखामुळे ही पद्धत रूढ झाली.

जिनिंगच्या धंद्यात मात्र सर्वांत बोलका आकडा रुईचा उतारा, म्हणजे कापसाच्या वजनातून निघणाऱ्या रुईचा टक्का, हाच आहे. शंभर क्विंटल कापसातून ३४ क्विंटल रुई निघाली, तर १७० किलोच्या बरोबर २० गाठी बांधल्या जातात. उतारा एका टक्क्याने घसरला, तर १९ गाठी बांधून ७० किलो रुई उरते, म्हणजे पूर्ण एक क्विंटल रुई हातची जाते. उत्पादन पैशांत मोजायचे, तर विक्रीच्या रकमेतील फार मोठा वाटा कापसाच्या खरेदीचाच असल्यामुळे भाव चढले की उलाढाल आपोआप फुगते. त्यामुळे उलाढालीऐवजी खरेदी केलेला माल वजा जाता उरणारे मूल्यवर्धन, तेही भाववाढीचा परिणाम काढून, पाहावे लागते. गाठीची डाळीच्या क्विंटलशी तुलना होऊ शकत नसल्याने दोन वेगळ्या उद्योगांना एका मापात आणण्याचाही हाच मार्ग आहे.

कारखान्या-कारखान्यांतील तुलनेची पद्धत एम. जे. फॅरेल यांनी त्याच १९५७ साली मांडली. उपलब्ध कारखान्यांपैकी कमीत कमी साधनांत अधिकात अधिक उत्पादन काढणारे कारखाने मिळून एक सीमारेषा तयार होते आणि इतर प्रत्येक कारखाना तिच्यापासून किती दूर आहे, यावरून त्याची कार्यक्षमता ठरते. ही पद्धत मौलिक असली तरी ती सावधपणे वापरावी लागते, कारण हंगामाच्या अखेरीस येणारा फरदडीचा (मुख्य वेचणीनंतर उभ्या ठेवलेल्या पिकाचा) किंवा ओलसर कापूस ज्याच्या वाट्याला अधिक आला, त्याचा उतारा कमीच पडतो आणि शेतातल्या फरकाचा ठपका कारखान्यावर येतो. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या यंत्रांचे भांडवल वर्षभराचे धरायचे की चालू दिवसांपुरते, या निर्णयानेही क्रम उलटू शकतो.

कार्यक्षमतेतील फरक केवळ यंत्रांमुळे पडत नाही, याचा भक्कम पुरावा महाराष्ट्र-गुजरातच्या किनारपट्टीवर मिळाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर व उंबरगाव येथील १७ कापड कंपन्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी काही कारखान्यांत दोषांची नोंद, यंत्रांची नियमित देखभाल आणि साठ्याची शिस्त बसवल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते.

सूक्ष्म व लघुउद्योगांचे शासकीय वर्गीकरण गुंतवणूक आणि उलाढालीवर होते. त्यातून आकार कळतो, कसब कळत नाही. वार्षिक औद्योगिक पाहणीत मूल्यवर्धनाचे आकडे मिळतात, पण ती मुख्यतः ठरावीक संख्येहून अधिक कामगार लावणाऱ्या नोंदणीकृत कारखान्यांपुरती आहे. तुलनेसाठी लागणाऱ्या वजनकाट्याच्या पावत्या, वीजबिले, हजेरीपट आणि गाठींची नोंदवही प्रत्येक जिनिंगमध्ये असतेच. जिल्हा उद्योग केंद्र आणि जिनिंगमालक यांनी त्यांत आवक कापसाचा ओलावा व प्रत हे दोन रकाने जोडून दर हंगामाला मालकांची नावे न देता तुलना प्रसिद्ध करावी.